लोड मागून वाढला

भिंगार, अहमदनगर
७ मार्च १९९९

आदरणीय नाना,
सविनय जय भीम.

हे पत्र आई वाचेल आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत बसून ऐकाल, हे मला ठाऊक आहे. म्हणून अक्षर मोठं काढते. आईला अडखळायला नको.

पावणेदोन वर्षं झाली, तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. विहारात त्या दिवशी मी जे बोलले ते खरं होतं, असं मला अजूनही वाटतं. तेव्हा तो विषय आज नको. आज मला तुम्हाला दुसरंच सांगायचं आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही. तुमच्या जावयांना सांगून बघितलं. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "बरं, पण सुरू होईल ना?"

गेल्या महिन्यात भिमाजीशेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. नऊ वर्षं मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये साच्यांची ड्रॉइंगं काढते आहे, पण केबिनमध्ये खुर्ची पहिल्यांदाच मिळाली. तेव्हाच समजले, की बातमी वाईट आहे.

"यशोधराबाई, पुण्याची पार्टी आता कागद घेत नाही," ते म्हणाले. "फ्लॉपी मागते. ड्रॉइंग बोर्ड काढावा लागणार. तुम्ही स्टोअरला बसा. पगार तोच."

स्टोअरला बसायचं म्हणजे नट-बोल्ट मोजायचे. मी म्हटलं, "मे अखेरपर्यंत वेळ द्या. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग मी शिकलेय, रोज संध्याकाळी क्लासला जात होते. मशिनही मी उभं करते."

"कंपनीचं मशिन आपल्याला झेपत नाही हो."

"कंपनीचं नाही. सुटे भाग आणून जोडते."

"जोडायला ती काय गोधडी आहे?"

पण ते नाही म्हणाले नाहीत. मशिन माझ्या घरी, माझ्या जबाबदारीवर जोडायचं आणि चाललं तर काम माझं, असं ठरलं.

तर नाना, गोष्ट अशी आहे. प्रोसेसर म्हणजे मशिनचं डोकं. पण कुठलंही डोकं कुठल्याही धडावर बसत नाही. काही प्रोसेसर चपटे असतात, खाली शेकडो पिना, ते चौकोनी सॉकेटात बसतात. काही ऑडिओ कॅसेटसारखे, ते उभ्या खाचेत बसतात. ज्या बोर्डावर हे बसवायचं तो बोर्ड ह्या दोहोंपैकी एकाचाच असतो. पुण्याच्या दुकानदाराने माझ्यासमोर बोर्ड ठेवला चौकोनी सॉकेटाचा आणि प्रोसेसर ठेवला उभा.

मी म्हटलं, "हा ह्याच्यावर बसणार नाही."

"बसतो हो ताई. सगळे हेच नेतात."

"कुठे बसतो तेवढं दाखवा."

त्याने बोर्ड उचलला, फिरवला, परत ठेवला. मग आतून दुसरा प्रोसेसर आणला. त्यानंतर त्याने मला ताई म्हटलं नाही, मॅडम म्हटलं.

शेवटी मी चपटा सेलेरॉन घेतला, त्याला जुळणारा बोर्ड घेतला. पडद्यावर चित्र उमटवायची सोय त्या बोर्डातच आहे. आणि सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, दोनशे वॅटचा. तो मी डोळे मिटून घेतला नाही. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये तुम्ही मला बसवून मोटारींचा लोड मांडायला लावायचात, तसा प्रत्येक भाग किती वीज ओढतो तो लोड वहीत उतरवला, बेरीज केली, वर निम्मा अजून धरला. तरी दोनशेच्या आतच आला.

आता फक्त जोडायचं आहे.

तुमची,
यशोधरा


भिंगार
२१ मार्च १९९९

आदरणीय नाना,
जय भीम.

चाललं.

गुरुवारी दुपारी जोडून झालं. आधी दोनदा नाही चाललं, ते सांगत नाही. म्हणजे सांगते, त्यात काय. पहिल्यांदा रॅम नीट दाबली गेली नव्हती. दुसऱ्यांदा मी मागचं मेन बटणच लावलं नव्हतं. तिसऱ्यांदा पंखा फिरला, आतून 'टिक' असा एकच आवाज आला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. त्यात पहिल्या ओळीत प्रोसेसरचं नाव होतं. मशिनने आपल्या डोक्याला ओळखलं होतं.

घरमालकीण बायडाबाई दारातून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "ह्याच्यावर शिनेमा दिसतो का?" मी म्हटलं, नाही, साचा दिसतो. त्या म्हणाल्या, "मग कशाला एवढा कुटाणा?" आणि गेल्या. पण दुसऱ्या दिवशी दोन शेजारणींना घेऊन आल्या आणि त्यांना अशा दाखवत होत्या, की जणू त्यांनीच जोडलंय.

भिमाजीशेठ शनिवारी येऊन गेले. बुशचं, म्हणजे एका पोकळ नळकांडीचं, साधं ड्रॉइंग त्यांच्यासमोर काढून फ्लॉपीवर दिलं. त्यांनी फ्लॉपी खिशात घातली, परत काढून पाहिली, परत घातली. सोमवारपासून ड्रॉइंगचं काम माझ्याकडेच आहे. स्टोअरचं नाव कुणी काढत नाही.

तुम्ही पाहायला हवं होतं. वायरी मी तुमच्यासारख्या बांधल्यात, सरळ, एकाला एक लागून, कुठे लोंबत नाही.

यशोधरा


भिंगार
२ मे १९९९

आदरणीय नाना,
जय भीम.

परवा बुद्ध पौर्णिमा झाली. तुम्ही विहारात गेला नाहीत, असं आईने फोनवर सांगितलं. मी इथे भिंगारच्या विहारात गेले होते. खीर चांगली होती.

इकडे मोठं काम आलंय. पुण्याच्या पार्टीला पंपाच्या झाकणाचा साचा हवा आहे, आणि तो नुसता तीन बाजूंनी काढलेला नको. पडद्यावर भरीव दिसला पाहिजे, हातात घेऊन फिरवावा तसा चहूबाजूंनी फिरला पाहिजे. माझ्या मशिनवर तो एकदा फिरवायचा तर मध्ये भाजी निवडून होत होती. त्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. चित्राचा सगळा हिशोब ते कार्ड स्वतः करतं. पण ते बसवायची खाच माझ्या बोर्डावर नव्हती. म्हणजे बोर्ड बदलला. जोराचा प्रोसेसर हवा, तो निघाला उभ्या खाचेचा, म्हणून बोर्डही तसाच घेतला. कार्ड बोर्डाला जुळतं, बोर्ड प्रोसेसरला जुळतो, तिन्ही एकमेकांशी ताडून पाहिले. ह्या वेळी दुकानदाराने स्वतःच विचारलं, "मॅडम, हे बरोबर आहे ना?" सप्लाय आहे तोच ठेवला, तो उत्तम चालत होता.

आता झाकण पडद्यावर असं फिरतं, की बघत राहावं. एखाद्या वेळी मशिन मध्येच बंद पडतं, पण नव्या जोडणीचं होतं असं. होईल ठीक.

यशोधरा


भिंगार
१७ मे १९९९

आदरणीय नाना,

मागच्या पत्रात मी तुम्हाला पूर्ण खरं लिहिलं नाही. मशिन एखाद्या वेळी बंद पडत नव्हतं. झाकण फिरवलं की दर वेळी पडत होतं. पडदा काळा, मग आपोआप पुन्हा सुरू. भिमाजीशेठच्या समोर तीनदा झालं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "साचा गरगर फिरला की मशिनला घेरी येते," आणि उठले. जाताना सांगितलं, की २९ तारखेला पुण्याची माणसं बघायला येणार. तोवर नाही झालं, तर ते काम पुण्यातच कुणाला तरी देतील.

दुकानदार म्हणाला, विंडोज पुन्हा टाका. टाकली. म्हणाला, रॅम बदला. बदलली. आठवडा गेला. मग मी त्याचं ऐकणं सोडलं आणि तुम्ही जे केलं असतं ते केलं. मल्टिमीटर आणला, सप्लायच्या लाल वायरवर लावला. मशिन नुसतं बसलेलं असताना पाच व्होल्ट. झाकण फिरवायला सुरुवात केली तर चार पूर्णांक आठ, चार पूर्णांक सहा, आणि बंद.

सप्लाय काढून त्याची पट्टी नीट वाचली. वर मोठ्या आकड्यात दोनशे वॅट. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की पाच व्होल्ट आणि तीन पूर्णांक तीन व्होल्ट ह्या दोन्ही लाइनी मिळून शंभर, त्याहून जास्त नाही. बाकीचे शंभर बारा व्होल्टला, आणि त्यावर माझ्याकडे फक्त पंखे आणि डिस्क. नवा प्रोसेसर आणि नवं कार्ड, दोघं खाणारे, आणि दोघं एकाच ताटात जेवत होते. मी मात्र मार्चची जुनी बेरीज मनात धरून बसले होते.

दुकानदाराला फोन करून सांगितलं. तो हसला. म्हणाला, "मग मॅडम, सप्लाय ज्याने निवडला त्याचीच चूक."

मला राग आला. मी म्हटलं, "चूक कशी? निवडला तेव्हा मशिनला तो पुरून उरत होता. लोड मागून वाढला."

फोन ठेवला आणि तिथेच, पीसीओच्या काचेच्या खोलीत उभी राहिले. बाहेरचा माणूस काचेवर टकटक करेपर्यंत.

नाना, दोन वर्षांपूर्वीच्या त्या बुद्ध पौर्णिमेला विहारातली वायर जळाली, सभामंडपात धूर झाला, लोक पोरांना घेऊन बाहेर पळाले. कुणाला काही झालं नाही. पण विहाराचा कारभार बघणाऱ्या पुंजारामकाकांनी सगळ्यांसमोर विचारलं, की हे झालं कसं. तुम्ही बोलायच्या आत मी बोलले. जळालेली वायर हातात धरून बोलले, "वायर बारीक घातलीय. नानांनी लोडच धरला नाही." शंभर माणसं होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, पक्कड पिशवीत घातली आणि निघून गेलात. बत्तीस वर्षं कारखान्यात वायरमन होतात. त्या दिवसानंतर कुणी तुम्हाला साधा बल्ब बदलायलाही बोलावलं नाही.

वायरिंग तुम्ही कधी केलं होतं, हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हा तिथे काय काय होतं, हेही नाही.

म्हणून काल सकाळच्या गाडीने श्रीरामपूरला आले. आधी घरी नाही आले, पुंजारामकाकांकडे गेले. ते ओट्यावर दाढी करत बसले होते.

"काका, विहारात कूलर कधी आणला?"

"त्याच पौर्णिमेला की. आदल्या दिशी. दोन आन्ले, देनगीतून."

"आणि मोठे हॅलोजन?"

"ते बी तवाच. का गं?"

"नानांनी वायरिंग केलं तेव्हा काय होतं?"

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "चार ट्यूबा आन् दोन पंखे. लई वर्सं झाली." मग म्हणाले, "तुज्या बानं, जालिंदरनं, सांगितलं हुतं आमाला. म्हनला, कूलरला येगळी लाइन वढू द्या, ही वायर न्हाई सोसायची. आमीच म्हनलो, पौर्निमा हुंद्या, मंग बगू."

"मग त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात?"

"तू आदी बोललीस. शिकल्याली पोरगी, वरून त्याचीच लेक. आमाला वाटलं, तुला कळतंय त्ये खरं आसंल." ते खाली बघत होते. "आन् खरं सांगू का, आमची मान सुटली त्यात."

काल रविवार. वंदना झाल्यावर मी उठले. चाळीसेक माणसं होती, त्या दिवसाइतकी नाही. मी सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी ह्याच जागी मी माझ्या वडिलांबद्दल बोलले ते चूक होतं. वायर बारीक नव्हती, लोड मागून वाढला, आणि तो ह्या वायरवर वाढवू नका असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. मग माझ्या मशिनचंही सांगितलं, म्हणजे मला हे का कळलं ते त्यांना कळावं. ते कितीजणांना समजलं, माहीत नाही. मागून एक आजी म्हणाल्या, "मोठ्यांदी बोल, बाय," म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पुंजारामकाका उभे राहिले आणि म्हणाले, "व्हय, सांगितलं हुतं त्यानं. मी साक्ष हाय."

मग घरी आले. जिन्याशी तुमच्या चपला होत्या, तुम्ही वर गच्चीत होतात. आईने चहा दिला, मी हळूहळू प्यायले. तुम्ही खाली आला नाहीत. मी वर आले नाही, कारण काय बोलायचं ते मला ठरवता येत नव्हतं. साडेचारच्या गाडीने परत आले.

सबंध दोन वर्षं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, की मी सांगितलं होतं. आईलाही नाही. असा माणूस माझा बाप आहे, हे मला काल श्रीरामपूर ते राहुरी, राहुरी ते नगर वाटभर आठवत होतं, आणि लाज वाटत होती, आणि खरं सांगते, छाती फुगतही होती.

तीनशे वॅटचा नवा सप्लाय मागवलाय. ह्या वेळी एकूण आकडा पाहिला नाही. प्रत्येक लाइन किती देते ते पाहिलं आणि त्यावर कोण कोण जेवणार ते लिहिलं.

मला माफ करा.

यशोधरा


भिंगार
६ जून १९९९

आदरणीय नाना,
जय भीम.

तुम्ही चार दिवस इथे राहून गेलात, तरी लिहिते आहे. कारण चार दिवसांत आपण विजेचं सोडून काहीच बोललो नाही.

बुधवारी सकाळी दार वाजलं तेव्हा मला वाटलं, दूधवाला. तुम्ही उभे होतात, खांद्याला हत्यारांची पिशवी. आत आलात, चहाला थांबला नाहीत, सरळ मशिनपाशी गेलात आणि उलट्या बोटांनी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावलात. दोन वर्षांनी मला म्हटलेलं तुमचं पहिलं वाक्य होतं, "आर्थिंग कुठंय?"

पत्र्याला हात लागला की मला मुंग्या येत होत्या, हे मी तुम्हाला कुठल्याच पत्रात लिहिलं नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांच्याच मशिनला येतात.

"सॉकेटात तिसरं भोक हाय, पर मागं वायरच न्हाई," तुम्ही टेस्टर लावून म्हणालात. "सप्लाय चांगला घेतलास. पर चांगल्या सप्लायला बी जमीन लागती."

मग मागच्या अंगणात खड्डा. बायडाबाईंनी केवढा आरडाओरडा केला, भिंत खचेल म्हणून. तुम्ही पहार न थांबवता म्हणालात, "बाई, उद्या वीज पडली तर तुमचा टीव्ही बी वाचंल." त्या आत गेल्या, आणि दुपारी मिठाची पिशवी स्वतः आणून दिली. कोळशाचा थर, मिठाचा थर, मधे लोखंडी पाइप. मी घमेली ओतत होते, तुम्ही पहारेने ठासत होतात. तेव्हाच तुम्ही एवढंच म्हणालात, "पुंजाराम आल्ता घरी."

"काय म्हणाले?"

"बसला. च्या पिला."

दोन घमेली झाल्यावर पुन्हा म्हणालात, "वायर बारीकच हुती. त्या लोडाला बारीकच. तू जळल्याली वायर बगितलीस आन् बोललीस. डोळ्यानं बगितल्यालं तू खोटं कसं बोलशील?"

मी पुढचं घमेलं ओतलं. बोलले असते तर रडले असते, आणि मग तुम्ही काम सोडून परत गेला असतात.

संध्याकाळी पाइपपासून सॉकेटापर्यंत वायर ओढून झाल्यावर पत्र्याला हात लावला. मुंग्या नाहीत.

शनिवारचं तुम्ही पाहिलंतच, पण पडद्याची पाठ तुमच्याकडे होती, म्हणून मी पाहिलं ते लिहिते. पुण्याचे दोघं साहेब आले, भिमाजीशेठ नवा शर्ट घालून आले. तुम्ही मशिनच्या मागे स्टुलावर बसलात, मल्टिमीटरच्या पिना लाल-काळ्या वायरला लावून. साहेबांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, माझे वडील. व्होल्टेज बघतायत.

मी झाकण फिरवायला सुरुवात केली. तुम्ही मागून म्हणालात, "चार पंच्याण्णव." मी आणखी फिरवलं, आतली बाजू दाखवली, कापून दाखवली. "चार पंच्याण्णव." साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, ह्या कोपऱ्याची गोलाई जरा वाढवून बघू. वाढवली. ते म्हणाले, उलटं करा. केलं. पाऊण तास, नाना, आणि मशिनला एकदाही घेरी आली नाही. तुम्हीही मग आकडा सांगायचं सोडून दिलंत. तेव्हा मला खात्री पटली, की आता पडणार नाही.

साहेबांनी उठताना विचारलं, "मशिन कुठल्या कंपनीचं?"

भिमाजीशेठ म्हणाले, "कंपनीचं कसलं साहेब, आमच्या यशोधराबाईंनी जोडलंय." गोधडीचं ते विसरले असावेत. मी नाही आठवण करून दिली.

तुम्ही गेल्यावरची बातमी अशी, की पंपाचं काम आपल्याला मिळालं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत आजवर वर्कशॉपचं नाव जायचं. ह्या वेळी साहेबांनी सांगितलं, की ज्याने काढलं त्याचं नाव घाला. मी पूर्ण घातलं, यशोधरा जालिंदर आणि पुढे आडनाव. ह्यांना विचारलं, चालेल ना बापाचं नाव? हे म्हणाले, लोड कुणी शिकवला? त्याचंच घाल. आणि वर्कशॉपसाठी दुसरं मशिन जोडायचंय, तेही मीच. पण आधी तिथलं अर्थिंग बघेन.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला माहीत नाही.

रविवारी तारकपूर स्टँडवर मी तुम्हाला गाडीत बसवलं आणि निघाले, असं तुम्हाला वाटलं. मी निघाले नव्हते. गाडी सुटायला वेळ होता, म्हणून पाण्याची बाटली घेऊन परत आले आणि तुमच्या खिडकीखाली पोचले. तुमच्या शेजारी खिडकीला एक फेटेवाले गृहस्थ बसले होते. ते तुम्हाला विचारत होते, "कुठं गेल्तात, पावनं?"

"लेकीकडं. तिनं कॉम्प्युटर बांधला, त्यो बगाया."

"घेतला म्हना."

"घेतला न्हाई. बांधला. घेत्यात समदेच."

ते गृहस्थ तुमच्याकडे वळले. मग म्हणाले, "आन् तुमी?"

"आर्थिंग माजं हाय," तुम्ही म्हणालात.

ते तुम्ही अशा ऐटीत म्हणालात, की ते गृहस्थ उठले, फेटा सावरला आणि त्यांनी तुम्हाला खिडकीची जागा दिली. मी पटकन बाजूला झाले, नाहीतर तुम्हाला दिसले असते. पाण्याची बाटली माझ्याच हातात राहिली.

तुमची,
यशोधरा